ना हॉल, ना प्रोजेक्टर! १९३६ साली फैजपुरात उभं राहिलं होतं बांबूचं नगर

अंधारा हॉल, चारही भिंतींवर सरकणारी व्हॅन गॉगची चित्रं, पायाखाली हलणारा प्रकाश आणि मधोमध रील काढणारी गर्दी. २०२३ मध्ये मुंबईत असं प्रदर्शन भरलं होतं. आज ‘इमर्सिव्ह आर्ट’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं.

पण चित्रासमोर उभं राहण्याऐवजी माणसाने कलाकृतीच्या आतच फिरावं, ही कल्पना प्रोजेक्टरपेक्षा जुनी आहे. तिचं एक मोठं उदाहरण खानदेशात घडलं, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात.

आधी सोपं करून घेऊ: इन्स्टॉलेशन म्हणजे काय?

चित्र फ्रेममध्ये असतं. ते काढून दुसऱ्या भिंतीवर लावलं तरी चित्र तेच राहतं. इन्स्टॉलेशनचं तसं नसतं. ते एखाद्या जागेसाठीच रचलेलं असतं. तिथला उजेड, आवाज, वास, चालायची वाट हे सगळं त्या कलाकृतीचा भाग असतं. बघणारा त्या रचनेत पूर्ण वेढला गेला, की तिला इमर्सिव्ह म्हणतात.

म्हणूनच अशी प्रदर्शनं गॅलरी सोडून गोदामं, बंद कारखाने, बंदरं अशा ठिकाणी भरतात.

मग फैजपुरात काय झालं होतं?

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. खेडेगावात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलंच अधिवेशन. त्याआधी अधिवेशनं शहरांत होत. ती गावात व्हावीत, हा आग्रह महात्मा गांधींचा होता.

गावात सभागृह नव्हतं, त्यामुळे सगळंच नव्याने उभारायचं होतं. गांधीजींनी हे काम शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांच्याकडे सोपवलं. पुढे भारताच्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत ज्यांच्या मार्गदर्शनाखाली सजवली गेली, ते हेच नंदलाल बोस. त्यांच्या जोडीला म्हात्रे नावाचे वास्तुरचनाकार होते.

अट एकच होती. सामान आसपास मिळणारं हवं आणि काम गावातल्या हातांना मिळायला हवं. त्यातून बांबू, चटया आणि गवताचं अख्खं नगर उभं राहिलं. त्याचं नाव ‘टिळकनगर’. प्रवेशद्वारं, मंडप, राहुट्या, खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन, सगळं एकाच नजरेतून रचलेलं. अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती सजवलेल्या रथातून आणि रथाला जुंपले होते बैल.

प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधीजींनी या मांडणीचं श्रेय नंदलाल बोस आणि म्हात्रे यांना जाहीरपणे दिलं.

यात वेगळं काय होतं?

प्रेक्षक. इथे येणारा बहुतेक माणूस शेतकरी होता. आर्ट गॅलरी त्याच्या वाटेत कधी आलीच नव्हती. शहरी थाटाचा मंडप असता, तर तो दारातच बिचकला असता. इथे मात्र त्याच्या ओळखीचाच बांबू होता, ओळखीचीच चटई होती. फक्त ती अशी रचली होती की त्याने थांबून बघावं. आपल्या घरातल्या साध्या वस्तूंमध्येही देखणेपण असतं, हे त्याला कुणी भाषणातून सांगायची गरज उरली नाही.

गावातली कारागिरी तेव्हा गिरण्यांच्या मालापुढे मोडत चालली होती. त्यामुळे ही सजावट हौसेची नव्हती. गावाच्या हातांना अजून किंमत आहे, हे दाखवायचं होतं.

मग ते सगळं गेलं कुठे?

अधिवेशन संपलं आणि नगर उतरवलं गेलं. जागेसाठी रचलेल्या कलेचं बहुतेक वेळा असंच होतं.

दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, गुजरातमधल्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी पुन्हा काम केलं. तिथे त्यांनी हातकागदावर गावाकडच्या जगण्याची चित्रं काढली. कागद टिकला. ‘हरिपुरा पोस्टर्स’ म्हणून ही चित्रं प्रसिद्ध झाली आणि २०१९ मध्ये व्हेनिस बिएनालेत भारताच्या दालनातही लागली.

हरिपुराचं नाव कलेच्या इतिहासात पक्कं झालं. फैजपूरचं नाव मात्र राजकारणाच्या इतिहासात राहिलं. नेहरू, साने गुरुजी, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम हे आपण शाळेत ऐकतो. बांबूच्या नगराचा उल्लेख क्वचितच होतो.

आज असं काही बघायचं असेल तर?

जळगावकरांना लांब जायला नको. शिरसोली रस्त्यावर जैन हिल्सवर ‘गांधीतीर्थ’ आहे. २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. शेतीसंशोधनाच्या परिसरातलं हे संग्रहालय कानाला ऑडिओ गाईड लावून, एका दालनातून दुसऱ्या दालनात चालत बघायचं असतं. निवांत बघायला दोन-अडीच तास हाताशी ठेवा.

मुंबईत २०१७ मध्ये ससून डॉकवर भरलेलं प्रदर्शनही लक्षात राहण्यासारखं होतं. १८७५ सालच्या या बंदरात मासळीचा बाजार सुरू असतानाच शेजारच्या जुन्या गोदामांत इन्स्टॉलेशन्स उभी होती. मासळीचा वास आणि कोळी बांधवांचं जगणं हाच काही कलाकृतींचा विषय होता.

जाल तेव्हा एवढं करा

पहिली फेरी फोन खिशात ठेवून मारा. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. हीच कलाकृती दुसऱ्या हॉलमध्ये नेली तर काही बिघडेल का? ज्यांची ही जागा आहे, ती माणसं यात कुठे दिसतात का? आणि ती स्वतः हे बघायला आत येऊ शकतात का?

फैजपूरच्या नगरात या तिन्ही प्रश्नांना उत्तर होतं. आजच्या महागड्या तिकिटाच्या शोमध्ये ते मिळतं का, हे बघून मग रील टाका.