‘फेस’ : अर्थ व उपयोग

द्रवात हवेचे असंख्य बुडबुडे साठले म्हणजे फेस होतो. धारोष्ण दूध, रिठ्याचे पाणी व फुटणारी लाट ही त्याची परिचित उदाहरणे होत. संस्कृतात यास ‘फेन’ म्हणतात. ‘फेसाळणे’ हे क्रियापद व ‘फेसाळ’ हे विशेषण ‘फेस’ शब्दावरून सिद्ध होतात. मोहरी घोटून चढविणे म्हणजे मोहरी ‘फेसणे’. ‘समुद्रफेन’ मात्र फेस नव्हे. ते माकुळासारख्या एका सागरी प्राण्याच्या शरीरातील चुनखडीयुक्त कवच होय.

‘तोंडाला फेस येणे’ याचा लाक्षणिक अर्थ अतिश्रमाने मेटाकुटीस येणे. वाच्यार्थ सांगताना अपस्माराचा उल्लेख अवश्य करावा. झटक्यात तोंडास येणारा फेस म्हणजे हवा मिसळलेली लाळ. हा विकार संसर्गजन्य नाही, ती भुताची बाधाही नव्हे. अशा मुलास कांदा वा जोडा हुंगवू नये, तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावे. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास त्वरित दवाखान्यात न्यावे. वर्गबंधूंनी त्यास चिडवू नये, हेही याच पाठात शिकविता येईल.