ग्रीन कार्डाचा अर्ज फेटाळला गेल्यानंतर

अमेरिकन नागरिकाशी विवाह झाला म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा हक्क आपोआप पदरात पडला, अशी समजूत इंदूर-बडोद्यापासून हैदराबाद-बेळगावपर्यंतच्या अनेक सुशिक्षित घरांतही आढळते. विवाहाने प्रत्यक्षात मिळतो तो अर्ज करण्याचा अधिकार. 'ग्रीन कार्ड' या नावाने ओळखला जाणारा कायम वास्तव्याचा परवाना त्या अर्जाच्या निकालावर अवलंबून असतो, आणि निकाल प्रतिकूलही लागू शकतो. परवानगीची मुदत उलटल्यावरही तिकडे राहिलेल्या मुलाचा किंवा मुलीचा असा अर्ज फेटाळला गेल्याची वार्ता आली, की घरची वडील माणसे बहुधा एकच सल्ला देतात: झाले ते झाले, आता सरळ परत या, पुढे रीतसर व्हिसा घेऊन जाता येईल. सल्ल्यामागे माया असते. पण तो अविचाराने पाळला गेल्यास पती-पत्नींची दहा वर्षांची ताटातूट ओढवू शकते.

याचे कारण १९९६ साली अमेरिकन काँग्रेसने संमत केलेल्या कायद्यात आहे. या कायद्यान्वये १८० दिवसांहून अधिक परंतु एका वर्षाहून कमी काळ अनधिकृतपणे राहून जो स्वेच्छेने देश सोडतो, त्याला तीन वर्षे प्रवेश बंद होतो. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहिलेल्यास दहा वर्षे. दिवसांची ही मोजदाद १ एप्रिल १९९७ पासून सुरू झाली. यातील विलक्षण गोष्ट अशी की, बंदी लागू होते ती राहण्यामुळे नव्हे, तर बाहेर पडण्यामुळे. माणूस उंबरठा ओलांडतो आणि मागून दाराला कडी लागते. आत असेपर्यंत ती कडी लागलेली नसते, म्हणूनच परतीचे तिकीट काढण्यापूर्वी आत राहून काय करता येईल, याचा विचार आधी करावा लागतो.

मुदत उलटली की नाही, हे पारपत्रावरील व्हिसाच्या शिक्क्यावरून ठरत नाही. व्हिसा हा दारापर्यंत येण्याचा परवाना आहे. आत किती दिवस राहावयाचे ते प्रवेशाच्या वेळी नोंदले जाते, आणि त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. दहा वर्षांचा व्हिसा हाती असलेला पर्यटकही सहा महिन्यांनंतर अनधिकृत ठरू शकतो, हे पुष्कळांना उशिरा उमगते.

तथापि त्याच देशाच्या १९५२ च्या मूळ स्थलांतर कायद्यात विवाहितांसाठी एक मोठी सवलत आहे. अमेरिकन नागरिकाचा पती किंवा पत्नी तपासणीच्या दारातून रीतसर आत आलेली असेल, तर नंतर मुदत उलटली किंवा परवानगीवाचून नोकरी केली, एवढ्याच कारणाने देशात राहून ग्रीन कार्ड मिळविण्याचा मार्ग बंद होत नाही. ही सवलत नागरिकाच्या जोडीदाराला आहे. जो स्वतः केवळ ग्रीन कार्डधारक आहे त्याच्या जोडीदाराला ती नाही. सरहद्द चोरून ओलांडणाऱ्यालाही सामान्यतः तिचा लाभ होत नाही. तेव्हा नागरिकाशी विवाह झालेल्या व रीतसर प्रवेश केलेल्या माणसाचा अर्ज फेटाळला गेला असेल, तर त्याचे कारण केवळ मुदत उलटणे हे सहसा नसते. ते कारण नामंजुरीच्या पत्रात लिहिलेले असते, आणि ते पत्र शांतपणे वाचणे हे पहिले काम होय.

वाचताना प्रथम पाहावयाचे ते हे की, फेटाळले काय? अर्ज दोन असतात. आय-१३० हा नागरिक असलेल्या जोडीदाराचा अर्ज. त्यात तो आपले नाते सिद्ध करतो. आय-४८५ हा परदेशी जोडीदाराचा. त्यात तो स्वतःची पात्रता सिद्ध करतो. पहिला पडला की दुसरा त्याच्याबरोबर पडतो, पण पहिला मंजूर होऊन दुसराच नामंजूर होणेही संभवते. कित्येकदा कारण अगदी क्षुल्लक असते. घर बदलले, पत्ता कळविला नाही, खात्याची नोटीस जुन्या घरी गेली, आणि उत्तर न आल्यामुळे अर्ज सोडून दिल्याचे गृहीत धरले गेले. किंवा पोषणाची हमी देणाऱ्याचे उत्पन्न दारिद्र्यमर्यादेच्या सव्वापटीपेक्षा कमी भरले. अशा उणिवा दुसऱ्या अर्जाने भरून काढता येतात.

विवाहाच्या खरेपणाविषयी संशय असेल, तर मात्र प्रश्न गंभीर होतो. या बाबतीत १९७५ साली नवव्या विभागाच्या संघराज्य अपील न्यायालयाने बार्क या कोरियन गृहस्थाच्या प्रकरणात दिलेला निर्णय आजही मार्गदर्शक मानला जातो. कोरियात असल्यापासून परस्परांवर प्रेम असलेल्या या जोडप्याने अमेरिकेत विवाह केला, पुढे भांडणे झाली आणि ती दोघे वेगळी राहू लागली. तेवढ्यावरून विवाह खोटा ठरविण्यात आला होता. न्यायालयाने सांगितले की, खरा प्रश्न विवाहाच्या वेळी एकत्र संसार करण्याचा हेतू होता की नाही हा आहे. नंतरच्या दुराव्यावरून त्या हेतूवर प्रकाश पडू शकतो, पण नुसता दुरावा हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. परदेशी माणसाचा संसार नागरिकांच्या संसारापेक्षा अधिक सुरळीत असलाच पाहिजे, अशी अपेक्षा कायदा करू शकत नाही.

हेतू दिसत नाही, म्हणून तो कागदांतून दाखवावा लागतो. आपल्याकडच्या मंडळींचा भर लग्नाच्या छायाचित्रांवर असतो. अक्षता, सप्तपदी, पंगती यांचा जाडजूड संग्रह अधिकाऱ्यापुढे ठेवला जातो. परंतु समारंभ झाला होता की नाही, ही शंका सहसा नसतेच. दोघांच्या नावचा भाडेकरार, एकत्र भरलेले प्राप्तिकर विवरण, विम्याच्या कागदावरील जोडीदाराचे नाव, महिन्यामागून महिना चाललेले बँकेचे समाईक खाते, हे रूक्ष कागद त्या संग्रहाहून अधिक बोलतात. नोकरीपायी दोन शहरांत राहणाऱ्या जोडप्याने प्रवासाच्या पावत्याही जपून ठेवाव्यात. न्यूयॉर्कमध्ये १९७६ च्या एका न्यायालयीन तडजोडीपासून 'स्टोक्स मुलाखत' नावाची पद्धत रूढ आहे. तीत दोघांना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारले जातात आणि उत्तरे ताडून पाहिली जातात. विसंगती आढळल्यास तिचा खुलासा लेखी व पुराव्यानिशी करावा लागतो.

पुरावा अपुरा पडला, असे पत्रात असेल तर आशेला जागा आहे. पण विवाह केवळ परवान्यासाठी केला, असा निष्कर्ष नोंदला गेला असेल, तर पुढे दुसऱ्या नागरिकाशी अगदी खरा विवाह केला तरी त्या आधारावरचा अर्जही मंजूर होऊ शकत नाही. ही बंदी कायमची आहे. तसा निष्कर्ष बिनविरोध राहू देणे हे सर्वांत मोठे नुकसान. त्याविरुद्ध स्थलांतर अपील मंडळाकडे दाद मागता येते, मात्र ती नागरिक जोडीदारानेच मागावयाची असते. ज्याचे भवितव्य टांगणीला लागले आहे त्याला तो अधिकार नाही. मुदत निर्णयापासून ३० दिवसांची, आणि निर्णय टपालाने आला असल्यास ३३. आय-४८५ च्या नामंजुरीवर सामान्यतः अपील नाही; तेवढ्याच मुदतीत आय-२९०बी या नमुन्यावर प्रकरण पुन्हा उघडण्याची वा फेरविचाराची विनंती करता येते. या विनंतीने दिवसांची मोजदाद थांबत नाही, हे विसरता कामा नये. आय-४८५ प्रलंबित असताना थांबलेले घड्याळ नामंजुरीनंतर पुन्हा चालू लागते, आणि त्या अर्जाच्या बळावर मिळालेल्या नोकरीच्या परवानगीचा पायाही निसटतो. म्हणून पुरावा बळकट असेल तेव्हा दोन्ही अर्ज नव्याने करणे पुष्कळदा अधिक श्रेयस्कर ठरते.

नामंजुरीपाठोपाठ स्थलांतर न्यायालयात हजर होण्याची नोटीस येऊ शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये खात्याने जाहीर केलेल्या धोरणानंतर हा संभव पुष्कळ वाढला. नोटीस भयप्रद असली, तरी तिच्यामुळे एक दार उघडते. पात्र अर्जदाराला आपला आय-४८५ न्यायाधीशापुढे पुन्हा मांडता येतो, आणि न्यायाधीश त्याचा स्वतंत्रपणे विचार करतो. वकील स्वखर्चाने नेमावा लागतो. तारखेला गैरहजर राहिल्यास मात्र माघारी हद्दपारीचा हुकूम होतो आणि सर्वच वाटा आक्रसतात.

काही दोषांना विवाहाचा आधार पुरत नाही. स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवून घेणे हा त्यांतला मोठा दोष. मोटार चालविण्याच्या परवान्याच्या नमुन्यात नागरिकत्वाच्या चौकटीत केलेली एक खूण पटेल नावाच्या भारतीय गृहस्थाला किती जड गेली, हे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून दिसते. चूक नजरचुकीने झाली, हे त्यांचे म्हणणे स्थलांतर न्यायाधीशाने मानले नाही, आणि वस्तुस्थितीविषयीचा तो निष्कर्ष संघराज्य न्यायालयांना तपासता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

नागरिक जोडीदाराकडून छळ होत असल्यामुळे अर्ज अर्ध्यावर राहिला असेल, तर १९९४ च्या कायद्यान्वये पीडित पती किंवा पत्नीला जोडीदाराच्या संमतीवाचून स्वतःच अर्ज करता येतो. दुराव्याच्या भीतीने मारहाण सोसणाऱ्या मुलींच्या घरच्यांना ही तरतूद माहीत असणे अगत्याचे आहे.

देशात राहून मार्ग उरलाच नाही, तर परत येण्याचा विचार करावयाचा, पण तोही क्रमाने. आय-१३० मंजूर असल्यास २०१३ पासून अमेरिकेत असतानाच दहा वर्षांच्या बंदीतून तात्पुरती माफी मागता येते. त्यासाठी नागरिक वा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदारावर किंवा आईवडिलांवर असह्य आपत्ती ओढवेल, हे दाखवावे लागते. मुलांचे हाल येथे स्वतंत्रपणे मोजले जात नाहीत. ही माफी मिळाल्यावर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीस जावयाचे. तेथील अधिकाऱ्याला दुसरा एखादा दोष आढळला, तर माफी आपोआप रद्द होते आणि माणूस बाहेरच अडकतो. म्हणून अनुभवी वकील प्रवासाची तारीख ठरविण्यापूर्वी १९६६ च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अशिलाच्या संपूर्ण सरकारी दप्तराची नक्कल मागवितात आणि जुन्या प्रत्येक अर्जातील प्रत्येक उत्तर वाचून पाहतात.