मोबाईलवरील स्त्रीविटंबना आणि गावाची जबाबदारी

निपाणी तालुक्यातील बोरगाव हे कर्नाटकातील गाव. परंतु त्याचे व्यवहार सीमेच्या दोन्ही अंगांस पसरलेले आहेत. कामधंद्यासाठी इचलकरंजीस जाणे, शिक्षणासाठी कोल्हापूर अथवा बेळगाव गाठणे, लेक पलीकडच्या गावी देणे व सून तिकडून आणणे, हे येथील नित्याचे आहे. साहजिकच येथील मोबाईलमध्ये दोन राज्यांतील नातेवाईक, मित्र व गावकरी यांचे गट एकत्र नांदत असतात. कोणा मुलीचे छायाचित्र विकृत करून एखाद्याने अशा गटावर टाकले, तर ते दूधगंगेच्या काठावरून पंचगंगेच्या काठावर जाण्यास क्षणही लागत नाही. त्यानंतर घरातील मंडळींपुढे प्रश्न उभे राहतात. तक्रार कर्नाटकात करावयाची की महाराष्ट्रात? कानडीत की मराठीत? आणि सर्वांत अवघड म्हणजे, करावयाची की झाकून ठेवावयाचे?

पुष्कळ घरांत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. मुलीचा मोबाईल काढून घेतला जातो, तिचे कॉलेज बंद होते आणि घाईघाईने स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. ज्याने चित्र टाकले तो, आणि ज्यांनी ते पुढे पाठविले ते, पूर्ववत गावात हिंडत असतात. अपराध एकाचा व शिक्षा दुसऱ्यास, असा हा न्याय होय. कायद्याची दृष्टी याच्या नेमकी उलट आहे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

जुनेच दुखणे, नवे साधन

स्त्रीस बदनाम करण्याची खोड मोबाईलबरोबर आलेली नाही. शाळेच्या भिंतीवर कोळशाने नाव लिहिणे, ठरत आलेले लग्न मोडावे म्हणून वरपक्षास निनावी पत्र धाडणे, हे प्रकार ज्येष्ठ वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. छापील निंदाही नवी नाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस अर्भकहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली, तेव्हा ‘पुणेवैभव’ पत्राने ते निमित्त साधून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक काढून त्यास रोखठोक उत्तर दिले. त्याबद्दल त्यांच्यावर टीकेची झोड उठली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांचा कैवार घेतला, तथापि त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाल्याचे आढळत नाही. बोलणारी स्त्री गप्प झाली की टवाळांचे काम फत्ते झाले, हा हिशेब तेव्हाही होता व आजही आहे.

फरक पडला तो साधनामुळे. भिंतीवरील नाव चुन्याच्या एका हाताने पुसता येत असे. निनावी पत्र एकाच घरी जाई. मोबाईलवरील चित्राची मात्र प्रत्येक पाठवणीगणिक नवी प्रत तयार होते. एकाने पाच जणांस पाठविले, त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांस, असे धरले तर पाचव्या टप्प्यास ते ३,१२५ मोबाईलवर पोहोचते. पहिल्या माणसाने मागाहून आपल्याकडील चित्र पुसून टाकले, तरी या प्रती तशाच राहतात. म्हणजे मूळ अपराधी एक असला, तरी त्याच्या कृत्यास गावभर पोहोचविणारे हात शेकडो असतात, आणि त्यांतील बहुतेक हात स्वतःस निर्दोष समजतात.

बघे आणि न्यायालय

या ठिकाणी आपल्याच जिल्ह्यातील एका घटनेचे स्मरण करून देणे आवश्यक वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातील वंटमुरी येथे एका स्त्रीस विवस्त्र करून, ओढत नेऊन विजेच्या खांबास बांधण्यात आले. तिचा मुलगा एका मुलीबरोबर निघून गेला होता, एवढाच तिचा ‘दोष’. तेथे मोबाईलचा संबंध नव्हता; संबंध होता तो भोवती उभ्या राहिलेल्या माणसांचा. कर्नाटक उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे (ते मूळचे निपाणीचे) यांच्या खंडपीठाने हल्लेखोरांइतकाच बघ्यांचाही प्रश्न उपस्थित केला. स्त्रीस सोडविण्यासाठी एकच माणूस पुढे झाला व त्यालाही मार खावा लागला, बाकीचे पाहत राहिले, याबद्दल न्यायालयाने तीव्र शब्दांत खेद व्यक्त केला. लॉर्ड बेंटिंकच्या काळातील सामुदायिक दंडाचा दाखला देऊन, अशा निष्क्रिय बघ्यांवर दंड का बसवू नये, असा विचारही बोलून दाखविला. पीडित स्त्रीच्या भेटीसाठी पुढाऱ्यांची रीघ लागू नये, म्हणून डॉक्टरांच्या लेखी परवानगीवाचून तिला कोणी भेटू नये, असेही बजावले.

मोबाईलच्या गटावरील माणूस हा त्या खांबाभोवतीच्या माणसाचा सख्खा भाऊ होय. किंबहुना त्याची स्थिती अधिक वाईट. कारण खांबाजवळचा माणूस नुसता पाहतो, हा मात्र पाहून आणखी दहा जणांस बोलावतो.

याच राज्यातील दुसरे उदाहरण हासन जिल्ह्याचे. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या मतदानाच्या तोंडावर, अनेक स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या चित्रफिती पेन ड्राइव्हमध्ये भरून जागोजागी टाकण्यात आल्या व तेथून त्या असंख्य मोबाईलवर गेल्या. स्त्रियांचे चेहरे झाकलेले नव्हते. काहींनी गाव सोडल्याची वृत्ते आली. ज्यांनी त्या चित्रफिती पुढे पाठविल्या त्यांपैकी कित्येकांची समजूत अशी होती की, आपण अन्यायास वाचा फोडीत आहोत. अखेर विशेष तपास पथकास जाहीर करावे लागले की, या चित्रफिती जवळ ठेवणाऱ्यावर व पाठविणाऱ्यावर कारवाई होईल. मुख्य आरोपीस एका खटल्यात ऑगस्ट २०२५ मध्ये जन्मठेप झाली. परंतु त्या दिवसांत वाऱ्यावर गेलेल्या प्रती कोणत्याही निकालाने परत येणाऱ्या नाहीत.

कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील कलम ६७ हे अश्लील मजकूर ‘प्रसिद्ध करणे’ व ‘पाठविणे’ या दोहोंस लागू आहे. ‘मी तयार केले नाही, आले तसे पुढे ढकलले’ हा बचाव यामुळे टिकत नाही. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चित्र उघडपणे लैंगिक स्वरूपाचे असेल तर कलम ६७-अ नुसार कारावासाची मर्यादा पाच वर्षे व दंडाची दहा लाख होते. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे. तेथे असे चित्र शोधणे व उतरवून घेणे हाही अपराध आहे. खाजगी अवयवांचे चित्र संमतीवाचून टिपणे वा पाठविणे याविरुद्ध कलम ६६-ई आहे. दुसऱ्याचे नाव व छायाचित्र वापरून खोटे खाते उघडणाऱ्यास कलम ६६-सी व ६६-डी लागू होतात.

भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अंमलात आली. तिच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने नकार स्पष्ट केल्यावरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा इंटरनेटवरील तिच्या वावरावर पाळत ठेवणे, हा पाठलागाचा अपराध आहे. कलम ७७ मधील एक खुलासा प्रत्येक पालकाने व शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. स्त्रीने खाजगी छायाचित्र काढण्यास संमती दिली असली, तरी ते इतरांस दाखविण्यास दिलेली नसेल, तर ते पसरविणे हा अपराधच ठरतो. ‘तिनेच फोटो दिला होता’ हे वाक्य चावडीवर कितीही वजनदार वाटो, त्याने असा अपराध माफ होत नाही.

आता दुसरी बाजू. कायदा वापरताना तोल सुटला, तर तो स्त्रियांवरच उलटतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवर एक मत लिहिल्याबद्दल व ते पसंत केल्याबद्दल अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कलम ६६-अ चा त्या प्रकरणात आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. म्हणून कोणाचे मत अप्रिय वाटणे हा अपराध नव्हे. धमकी, पाठलाग, तोतयेगिरी व अश्लील प्रसार हे अपराध होत. कर्मचारी बंधूंनी हा भेद विसरू नये.

गटाच्या प्रमुखांस, म्हणजे ‘अ‍ॅडमिन’ मंडळींस, नेहमी एक भीती वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरास प्रमुख केवळ प्रमुख आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू दिसला पाहिजे. हा दिलासा योग्यच आहे. परंतु सभासदास काढून टाकण्याची कळ प्रमुखाच्याच हाती असते, आणि ग्रामपंचायतीचे, शाळेचे, मंडळाचे गट चालविणाऱ्यांनी ती दाबण्यास संकोच करण्याचे काही कारण नाही.

तक्रार कशी करावी?

पहिली गोष्ट म्हणजे मोबाईलमधील काहीही पुसू नये. संतापाच्या वा लाजेच्या भरात संदेश नाहीसे केले जातात व पुरावा तेथेच संपतो. संदेश, पाठविणाऱ्याचा क्रमांक, दिनांक व वेळ दिसेल अशी पडद्याची छायाचित्रे घ्यावीत. खाते खोटे असल्यास त्याचा पूर्ण पत्ता उतरवून ठेवावा. मुलीकडून मोबाईल हिसकावून तो विकून टाकणारे वडील नकळत आरोपीची सोय करीत असतात. तसेच ‘हे बघा काय केले आहे’ असे म्हणून ते चित्र काका, मामा, सरपंच यांना पाठवू नये. दाखवावयाचे तर आपल्याच मोबाईलवर दाखवावे.

सीमाभागातील वाचकांस विशेष उपयोगी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. अपराध कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात दखलपात्र अपराधाची खबर देता येते. पाठविणारा इचलकरंजीचा, मुलगी बोरगावची व चित्र पाहिले कोल्हापुरात, अशी स्थिती असली तरी जवळच्या ठाण्यास ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे म्हणता येत नाही. पाठलागासारख्या अपराधाची खबर स्त्रीने स्वतः दिल्यास ती स्त्री अधिकाऱ्याने नोंदवून घ्यावयाची असते. तोंडी दिलेली खबर लिहून घेऊन वाचून दाखविणे बंधनकारक आहे. कानडी वाचता येत नसेल, तर सही करण्यापूर्वी मजकूर मराठीत समजावून देण्याची विनंती अवश्य करावी. त्यात संकोच कसला? नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. खबर घेण्याचे नाकारल्यास ती लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते.

निकाल केव्हा लागतो, हे मात्र प्रकरणागणिक वेगळे. २००४ साली चेन्नईतील एका स्त्रीचा दूरध्वनी क्रमांक घाणेरड्या मजकुरासह इंटरनेटवर टाकणाऱ्यास मुंबईत शोधून काढण्यात आले व तक्रारीपासून वर्षाच्या आतच, ५ नोव्हेंबर रोजी, शिक्षा झाली. कलम ६७ खालील ती देशातील पहिली शिक्षा मानली जाते. उलट मुंबईतच २००९ साली सहकारी स्त्रीस टोपणनावाने अश्लील ई-मेल पाठविणाऱ्यास शिक्षा होण्यास २०१५ साल उजाडले. अशा विलंबाचा भार तक्रारदार स्त्रीवरच पडतो. त्या काळात तिला शाळेत, कचेरीत व घरी कशी वागणूक मिळते यावर ती साक्षीस उभी राहते की नाही, हे ठरते.

चित्र हटविण्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. नग्न वा लैंगिक स्वरूपाच्या चित्राबद्दल पीडित व्यक्तीने कळविल्यावर ते काढून टाकण्यासाठी केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर २४ तासांची मर्यादा घातली. प्रत्येक कंपनीकडे तक्रारीची सोय असते. याशिवाय ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक विनामूल्य सेवा आहे. तीत चित्र कोणास पाठवावे लागत नाही. आपल्याच मोबाईलवर त्या चित्राचा अंगठ्याच्या ठशासारखा एक सांकेतिक ठसा तयार होतो व केवळ तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. तसे चित्र कोणी चढविले, तर ठसा जुळून ते अडविले जाते. अठरा वर्षांखालील मुलींसाठी ‘टेक इट डाऊन’ ही अशीच स्वतंत्र सेवा आहे.

ज्या स्त्रीस ठाण्याची पायरी चढणे अवघड वाटते, तिला केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार नोंदविता येते. स्त्रिया व बालके यांच्याविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार तेथे नाव न देताही करता येते. मात्र पुढील तपासाची माहिती हवी असल्यास नाव व क्रमांक देणे इष्ट. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला साहाय्यासाठी १८१, बालकांसाठी १०९८ व सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. शाळा, ग्रामपंचायत व अंगणवाडी यांच्या फलकांवर ते लिहून ठेवावेत, आणि मुलींच्या वर्गात ते एकदा मोठ्याने वाचून दाखवावेत.