‘पर्यंत’ एकच, इंग्रजी शब्द मात्र दोन

‘सोमवारपर्यंत अर्ज पाठवा’ आणि ‘सोमवारपर्यंत कार्यालय बंद राहील’ ही दोन्ही वाक्ये मराठी माणूस सहज बोलून जातो. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यात ‘बाय’ आणि दुसऱ्यात ‘अन्टिल’ लागते. ‘बाय’ म्हणजे अंतिम मुदत; तिच्या आत काम केव्हाही उरकले तरी चालते. ‘अन्टिल’ म्हणजे तोवर अखंड टिकणारी स्थिती. ‘पैसे सोमवारपर्यंत देऊ’ असे कळवताना ‘बाय’ऐवजी ‘अन्टिल’ लिहिले, तर ‘सोमवार येईतो पैसे देतच राहू’ असा विपरीत अर्थ निघतो. व्यवहाराच्या पत्रात ही चूक महागात पडू शकते.

मराठीतील शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात, तर इंग्रजीतील ‘प्रिपोझिशन’ सामान्यतः नामाआधी येते. ‘आधी ठेवलेले’ हाच त्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ. ‘टेबलाखाली’चे ‘अंडर द टेबल’ होते, हा जागेचा बदल शाळेतच अंगवळणी पडतो. खरी अडचण अर्थाच्या वाटणीची आहे.

नोकरीच्या मुलाखतीत हमखास ऐकू येणारे ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य ‘पासून’च्या प्रभावातून येते. ‘2019पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ यांत मराठी भेद करीत नाही. इंग्रजीत ‘सिन्स’पुढे आरंभाचा क्षण येतो आणि ‘फॉर’पुढे कालावधी. शिवाय, ‘काम करतो आहे’ या वर्तमानकाळाच्या जागी तेथे ‘हॅव बीन वर्किंग’ लागते. म्हणजे एका वाक्यात दोन चुका.

वेळेसाठी ‘ॲट’, वारासाठी ‘ऑन’, महिन्यासाठी ‘इन’ हा नियम सोपा खरा; पण ‘ॲट नाइट’ त्यात बसत नाही. मोटारीत ‘इन’ आणि बसमध्ये बहुधा ‘ऑन’ का, याचे उत्तर नियमापेक्षा रूढीत अधिक सापडते. ‘डिस्कस अबाउट’ मात्र निव्वळ चूक. ‘डिस्कशन’ या नामापुढे ‘अबाउट’ चालते, ‘डिस्कस’ या क्रियापदाला थेट कर्म लागते.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा जुना दंडक मात्र फारसा मनावर घेण्याचे कारण नाही. कवी जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये बेन जॉन्सन यांच्या लेखनातील अशा रचनेला दोष दिला होता. आजचे व्याकरणकार तो दोष मानत नाहीत. ‘हू आर यू टॉकिंग टू’ हे वाक्य बिनधास्त लिहावे.