मंडळी ते मंडळी : बाप्टिस्ट ओळखीचा बदलता आधार

बाप्टिस्ट परंपरेत पोप नाही, बिशप नाही आणि ज्याचा शब्द सर्वांवर बंधनकारक ठरेल असे मध्यवर्ती पीठही नाही. इंग्लंड सोडून ॲमस्टरडॅमला आलेल्या जॉन स्माइथ व थॉमस हेल्विस यांच्या लहानशा गटाने १६०९ मध्ये अर्भकांचा बाप्तिस्मा नाकारला आणि जो स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतो त्यालाच बाप्तिस्मा द्यावा, असे ठरवले; त्यातूनच, अशा विश्वासूंची स्थानिक मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा समुदाय, आपला पाळक स्वतः निवडते आणि आपला कारभार स्वतः पाहते, हे तत्त्व पुढे रुजले.

मग अशा स्वायत्त मंडळ्या परस्परांशी जोडल्या कशा राहिल्या? याचे उत्तर ‘असोसिएशन’ या संस्थेत आहे. ठरावीक काळाने प्रतिनिधी जमत, चर्चा करत आणि सर्व मंडळ्यांत वाचले जाणारे परिपत्रक पाठवत. मात्र ही सभा मंडळीवरचे न्यायालय नव्हे, हे १७०७ मध्ये स्थापन झालेल्या फिलाडेल्फिया असोसिएशनने १७४९ मध्ये लेखी स्पष्ट केले. पत्रांचे बळ किती, हे १७८४ मध्ये दिसले. स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन पाळक जॉन अर्स्किन यांनी जोनाथन एडवर्ड्स यांचे सामुदायिक प्रार्थनेवरील पुस्तक इंग्लंडमधील बाप्टिस्ट पाळक जॉन रायलंड यांना पाठवले. त्याच्या प्रभावातून नॉर्थहॅम्प्टनशर असोसिएशनने दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी तासभर प्रार्थना करण्याचे आवाहन केले आणि इतर पंथांनाही त्यात बोलावले. त्याच वर्तुळातून १७९२ मध्ये केटरिंग येथे, तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्सच्या वर्गणीच्या वचनावर, मिशनरी सोसायटी उभी राहिली.

आजच्या समाजमाध्यमांनी जोडणीचा वेग वाढवला, इतकेच म्हणणे अपुरे आहे. त्यांनी जोडणीची टोकेच बदलली. पूर्वी संबंध मंडळीचा मंडळीशी होता, आता तो एकट्या श्रोत्याचा दूरच्या वक्त्याशी जुळतो, आणि त्या वक्त्याला श्रोत्याचे नावही ठाऊक नसते. विचारांच्या देवाणघेवाणीसाठी हे साधन मोलाचे आहे, विशेषतः घर न सोडू शकणाऱ्या वृद्धांसाठी व आजाऱ्यांसाठी. परंतु बाप्टिस्ट सदस्यत्वाचा गाभा परस्परांना उत्तरदायी राहण्याच्या करारात आहे, आणि संपूर्ण शरीर पाण्यात बुडवून, मंडळीच्या साक्षीने होणारा बाप्तिस्मा त्या कराराला देह देतो. म्हणून पडद्यावरचे प्रवचन उपासनेला पूरक ठरू शकते, सदस्यत्वाची जागा घेऊ शकत नाही.

या जाळ्याचा एक धागा मराठीपर्यंत पोहोचतो. केटरिंगच्या त्या सोसायटीने पाठवलेले विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवू लागले, आणि पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये, तर कोश १८१० मध्ये सेरामपूरहून प्रसिद्ध केला.