नेपोलियनकालीन युद्धे आणि पश्चिम किनाऱ्यावरील सागवान

नेपोलियनविरुद्धच्या युद्धांच्या काळात (१८०३–१८१५) ब्रिटिश आरमारासाठी मुंबईच्या गोदीत युद्धनौका बांधल्या जाऊ लागल्या आणि पश्चिम किनाऱ्यावरील सागवानाची मागणी वाढली. इंग्लंडमध्ये जहाजे ओक लाकडाची बांधत. तेथे जुने ओक वृक्ष दुर्मीळ होत चालले होते. १८०७ च्या टिल्झिटच्या तहानंतर बाल्टिक प्रदेशातून येणाऱ्या लाकडाचाही भरवसा उरला नाही.

सागवानातील नैसर्गिक तेलामुळे ते सहसा कुजत नाही. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागवानात ते टिकतात. मुंबईत जमशेदजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ७४ तोफांची ‘मिंडेन’ १८१० मध्ये, तर ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये पाण्यात उतरली. चीनबरोबरच्या नानकिंगच्या तहावर १८४२ मध्ये सह्या झाल्या त्या या ‘कॉर्नवॉलिस’वरच. १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे.

गोदीला लागणारे लाकूड प्रामुख्याने मलबार, कानडा आणि गुजरातच्या जंगलांतून येई. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून बुंध्याभोवती साल आणि त्याखालील कोवळे लाकूड गोलाकार कापून झाड उभेच वाळू देत; त्यानंतर तोड होई. हत्ती ओंडके नदीपर्यंत ओढून आणत आणि पावसाळ्यात पाणी चढले की ते प्रवाहात सोडले जात. या क्रमाला वर्षे लागत, आणि युद्धाची निकड तेवढी थांबणारी नव्हती.

परिणामी वृक्षांच्या मालकीचाच प्रश्न उभा राहिला. ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना मलबारात वनसंरक्षक नेमले आणि १८०७ च्या जाहीरनाम्याने सागावर स्वतःचा हक्क सांगून विनापरवाना तोडीस बंदी केली. जमीनमालक आणि लाकडाचे व्यापारी दोघेही दुखावले. आरमारासाठी लाकूड राखण्याची कल्पना या किनाऱ्याला नवी नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही अरण्यातील सागवान हुजूर परवानगीने तोडण्याची आज्ञा आहे. मात्र रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये, जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असेही तेथे बजावले आहे. कंपनीच्या बंदोबस्तात धन्याच्या राजीखुशीला असे स्थान नव्हते.

युद्ध संपल्यावरही मुंबईत जहाजबांधणी चालू राहिली, परंतु मक्तेदारीविरुद्धचा असंतोष वाढत गेला. मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो हेही तिच्या विरोधात होते. १८२३ मध्ये वनसंरक्षकाचे पद रद्द झाले. मुंबई इलाख्यात ते १८४७ मध्ये निर्माण करून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे सोपवण्यात आले.