दोनशे रुपये कुठे जिरतात?

गेल्या वर्षी आमचा भाचा नोकरीला लागला आणि पहिल्या पगाराचे पेढे घेऊन घरी आला. पेढे त्याने आपल्या मामीच्या हाती दिले आणि मोबाइलमध्ये पगारपत्रक उघडून ते माझ्या नाकासमोर धरले. पस्तीस वर्षे मी एका कचेरीत पगारपत्रके तयार करण्याचे काम केले आहे. तेव्हा पगाराच्या बाबतीत आमच्या घरचे वरिष्ठ न्यायालय मीच!

"मामा, भविष्य निर्वाह निधी कळला. पण हा व्यवसाय कर म्हणून दोनशे रुपये कापलेत ते कसले? मी नोकरी करतो, व्यवसाय कुठे करतो?"

"आणखी गंमत ऐक," मी म्हटले. "फेब्रुवारी महिना अठ्ठावीस दिवसांचा, पण त्या महिन्यात तुझे तीनशे कापतील."

मग मी त्याला हिशेब समजावून दिला. आपल्या राज्यघटनेने या कराला वर्षाकाठी २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. १९८८ पर्यंत ती अवघी २५० होती. अकरा महिने दोनशेप्रमाणे झाले २२०० आणि उरलेले तीनशे फेब्रुवारीत. झाले २५००! हिशेब चोख होता, पण चिरंजीवांचे समाधान झाले नाही.

"ते ठीक आहे हो. पण हे पैसे जिरतात कुठे?"

'जिरतात' हा शब्द त्याने थट्टेने वापरला होता. सरकारी पैशाविषयी आपण सारेच असे बोलतो. मला मात्र त्या शब्दाने एकदम माझे आजोळ आठवले.

माझे आजोळ तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. १९७३ च्या उन्हाळ्यात, वयाच्या अकराव्या वर्षी, मी सुट्टीसाठी तेथे गेलो होतो. आदल्या वर्षी पाऊस झाला नव्हता. ओढा कोरडा, विहिरी कोरड्या, दावणी रिकाम्या. ज्या मामांच्या खळ्यावर मी ज्वारीच्या राशी पाहिल्या होत्या, ते मामा आणि मामी रोज सकाळी भाकरी बांधून खडी फोडायला जात. घरात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी होई आणि कामावर सुकडी मिळे. मला ती सुकडी फार आवडे. आपल्याला आवडणारा हा खाऊ घरच्या मोठ्यांना गिळवत का नाही, हे कळण्याचे माझे वय नव्हते.

त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. हातांना काम मिळाले म्हणून माणसे जगली. पण रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग उभे राहिले आणि पुढे कित्येक वर्षे ते तसेच पडून राहिले. एवढ्या हातांनी एवढे कष्ट केले, त्यातून गावाला कायमचे काय मिळाले, हा प्रश्न अनेकांना पडला असेल.

एका गृहस्थांना तो दुष्काळापूर्वीच पडला होता. ते म्हणजे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापतिपद १९६० पासून अठरा वर्षे त्यांच्याकडे होते. दुष्काळ पडला की कामे काढायची आणि पाऊस पडला की बंद करायची, ही रीत त्यांना पुरेशी वाटत नव्हती. ज्याला काम हवे त्याला ते मागण्याचा हक्कच असावा आणि त्या कामातून जमीन व पाणी सुधारावे, असा त्यांचा विचार होता. सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांनी तो आधी प्रयोगादाखल करून पाहिला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ साली, सरकारने रोजगार हमी योजना हाती घेतली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी नोंदवल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास भत्ता द्यायचा! सरकारने स्वतःच्या हाताने स्वतःला घालून घेतलेली अशी बेडी त्या काळी विरळाच.

पण पैसा? आपल्या दोनशे रुपयांचा जन्म येथे झाला. या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांनी कर द्यायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. केवळ शहरांवरच भार टाकला असेही नाही. बागायती जमिनीवर आणि शेतसाऱ्यावरही जादा आकार बसला. शहरातल्या माणसाने दर महिन्याला थोडे द्यावे आणि खेड्यातल्या माणसाला हक्काने काम मिळावे, असा हा सौदा. पस्तीस वर्षे मी शेकडो माणसांच्या पगारातून हा कर कापला. पण तो कशासाठी, हे मला एकानेही विचारले नाही आणि मीही कुणाला आपण होऊन सांगितले नाही. खरे सांगायचे तर प्रारंभीची काही वर्षे मलाही ते ठाऊक नव्हते!

भाच्याचा प्रश्न डोक्यात घेऊन मी या वर्षी आजोळी गेलो. मामा आता नाहीत. मामी पंच्याऐंशीच्या घरात आहेत, पण काठी टेकत टेकत त्या मला गावाबाहेरच्या पाझर तलावावर घेऊन गेल्या. कायदा झाल्यानंतर दोन वर्षांनी हा तलाव झाला आणि त्याच्या बांधावर मामींनी दोन उन्हाळे माती वाहिली.

"खडी फोडली, त्येचं पैसं आलं, पोटात गेलं," मामी म्हणाल्या. "खडी कुठं गेली देवाला ठावं. पर ह्यो बांध बग, आजून हितंच हाय."

शहरातल्या वाचकांना पाझर तलाव म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. या तलावाला कालवा नसतो, नळ नसतो. ओढ्यावर मातीचा बांध घालून पावसाचे धावते पाणी अडवतात. ते मुरमातून, भेगांतून हळूहळू जमिनीत जिरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझरते. डिसेंबरअखेर तलाव कोरडा दिसला तर नवखा माणूस म्हणेल, पैसा पाण्यात गेला! जाणता माणूस मात्र खालच्या विहिरीत डोकावून पाहील. मामींच्या विहिरीला पूर्वी संक्रांतीपर्यंत पाणी टिके, ते तलाव झाल्यावर होळी ओलांडून पुढे जाऊ लागले. त्यावर त्यांचा गहू झाला, घास झाला आणि दावणीला पुन्हा दोन म्हशी आल्या.

"आनि आजून येक," मामी म्हणाल्या, "खड्डा मोजून पैसं. गड्याचा खड्डा तेवढा, तेवढाच बाईचा. रानात मजुरीला गेलं तर बाईला निम्मं. हितं तसं न्हवतं."

या योजनेचा सगळाच कारभार सोन्याचा होता, असे मी म्हणणार नाही. मामी तसे मला म्हणूच देणार नाहीत. कायद्याने कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि लेकरांसाठी पाळणाघर देऊ केले होते. कायद्यात सावली होती. बांधावर मात्र एक बाभळ होती आणि तिलाच सगळ्यांच्या झोळ्या टांगलेल्या! मजुरी महिना महिना रखडे. हजेरीपटावर अशी काही नावे असत की त्यांचे धनी गावात कुणी पाहिलेले नव्हते. गोळा झालेला सारा पैसा कामांवर लागत नाही, अशी टीकाही या योजनेवर वेळोवेळी झाली. आणि तलाव बांधले तेवढ्या आस्थेने ते कुणी राखले नाहीत. मामींच्या तलावात आज कमरेइतका गाळ आहे. गाळाचा थर बसला की पाणी जिरत नाही, ते उन्हाने उडून जाते. हाच गाळ काढून शेतात पसरला तर तलाव मोकळा होतो आणि रानाला खत मिळते. त्यासाठी २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाही काढली. मामींच्या तलावाची पाळी अजून आलेली नाही.

राखले तर काय होते, हे त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवले. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने रोजगार हमी आणि आदर्श गाव या सरकारी योजनांचाच पैसा डोंगरउतारावरच्या चरांसाठी आणि बांधांसाठी वापरला. पण तेवढ्यावर न थांबता गावाने स्वतःला नियम घालून घेतले: झाड तोडायचे नाही, मोकाट चराई नाही, शेतीसाठी कूपनलिका नाही, आणि गावात किती पाणी आहे ते मोजून मगच पिके ठरवायची. पैसा सरकारचा आणि शिस्त गावाची, असे दोन्ही जुळले तेव्हा पाणी थांबले.

आता तर हे थांबवणे पूर्वीपेक्षा निकडीचे झाले आहे. हवामान पालटले आहे, हे मामींना कुणी शास्त्रज्ञाने सांगावे लागत नाही. "पूर्वी पाऊस चार म्हैने पडायचा, आता चार दिसांत पडतो," असे त्या म्हणतात. दुष्काळ आणि महापूर हे आता पाठोपाठ येऊ लागले आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके गेली, कित्येकांच्या शेतातली मातीच वाहून गेली. अशा खरडून गेलेल्या जमिनी पुन्हा उभ्या करण्यासाठी सरकारने जी मदत जाहीर केली, तिचा मोठा भाग रोजगार हमीतूनच द्यायचे ठरले. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कोरड्या दुष्काळासाठी शोधलेले औषध ओल्या दुष्काळालाही लागले! उतारावरचा चर पावसाला दम धरायला लावतो. पाऊस थोडा असो की फार, त्याचे काम तेच. बदलत्या हवामानात शेती टिकावी म्हणून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून राज्यात सुरू झाला. त्यातली शेततळी आणि बांधबंदिस्ती ही पुष्कळशी त्याच जुन्या शहाणपणाची नवी रूपे आहेत.

महाराष्ट्राचा हा विचार पुढे देशानेही उचलला. २००५ साली संसदेने शंभर दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला. २०२५ च्या डिसेंबरात त्याच्या जागी नवा कायदा संमत झाला. त्यात दिवस १२५ झाले आणि खर्चाचा ४० टक्के वाटा आपल्यासारख्या राज्यांनी उचलायचा असे ठरले. तेव्हा राज्याला आपला पैसा उभा करावाच लागणार. दोनशे रुपयांचे काम काही संपलेले नाही.

घरी परतल्यावर भाच्याला मी हे सारे सांगितले. ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मामीआजींच्या विहिरीच्या पाण्यात माझेही काही थेंब आहेत म्हणा की!"

"तुझे अजून नाहीत," मी म्हटले. "तुझ्या आईबापांचे असतील. तुझ्या पैशाने गाळ निघतो की नाही, ते पाहायचे आहे. आणि ते तूच विचारायला हवेस."

दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याबरोबर आजोळी येणार आहे. वाचकहो, आपल्याही पगारपत्रकावर हे दोनशे रुपये असतील, आणि गावाकडे कुठेतरी एखादा बांध असेल. भाऊबीजेला गावी जाल तेव्हा तेवढा पाहून या. तलावात पाणी दिसले नाही तरी हळहळू नका. खालच्या विहिरीत डोकवा. तिथे पाणी असेल, तर पैसे जिथे जिरायला हवे होते तिथेच जिरले असे समजा. आणि नसेल, तर ते का नाही हे विचारण्याचा अधिकार आपण दर महिन्याला दोनशे रुपये मोजून विकत घेतलेला आहे.